खेळमठातली जुळणी

“…पण मग ती माणसं निघून का जातात?”

बाबांनी विचारलं आणि सुपारी कातरायला घेतली.

ऋतुराज जमदाडेला हा प्रश्न आवडला नाही. गेला तासभर तो आपल्या कामाचं कौतुक सांगत होता, आणि बाबांनी बोट ठेवलं ते नेमकं दुखऱ्या जागी.

येरळा नदीच्या काठी नागोजीबाबांचा मठ आहे. लोक त्याला खेळमठ म्हणतात. सकाळी जप आणि संध्याकाळी खेळ, असा तिथला शिरस्ता. जप चुकला तर बाबा काही बोलत नाहीत. खेळ चुकवला तर जेवण मिळत नाही.

जमदाड्यांच्या घरात मोठं काम हाती घ्यायचं तर आधी मठात जाऊन पाया पडायची रीत. म्हणून ऋतुराज पुण्याहून आला होता. आशीर्वाद तो घेणारच होता. फक्त तो देण्याआधी बाबांनी आपली हुशारी नीट समजून घ्यावी, एवढीच त्याची माफक अपेक्षा होती.

तो मोबाइलवरचे खेळ बनवायचा. त्याच्या कंपनीच्या ‘गडझुंज’ या खेळात चार अनोळखी माणसं मिळून गड राखतात आणि दुसरी चार अनोळखी माणसं मिळून त्यावर चढाई करतात. कोणी नागपुरात बसलेलं, कोणी मालवणात, कोणी दुबईत. खेळायचं बटण दाबलं की कोणाला कोणाच्या बाजूला आणि कोणासमोर उभं करायचं, हे ठरवणारी यंत्रणा ऋतुराजने लिहिली होती.

“आमच्यात तिला मॅचमेकिंग म्हणतात,” तो म्हणाला.

“म्हंजे लग्नं लावतोस?”

“…जुळणी करतो, बाबा. बरोबरीची माणसं शोधतो.”

“पत्रिका बघून?”

“तसंच म्हणा. नेम कसा, वेग कसा, आजवर किती डाव जिंकले, सगळं बघतो. डोळ्याचं पातं लवायच्या आत जुळवतो.”

“गुण जुळत्यात?”

“छत्तीसच्या छत्तीस.”

“आणि एका डावात काडीमोड.”



बाबांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं. “मग घोडं कुठं पेंड खातंय?”

घोडं कुठे पेंड खातंय हे त्याच्या कंपनीत शिपायालाही ठाऊक होतं. लोक येत, एक डाव खेळत, हरले की आपल्याच बाजूच्या सगळ्यांत कच्च्या माणसाला शिव्या घालत आणि निघून जात. शिव्या खाणारा तर त्यांच्याही आधी गेलेला असे. मालकांनी साफ सांगून टाकलं होतं की दिवाळीपर्यंत माणसं टिकली नाहीत तर गडझुंज बंद, आणि ती बनवणारे सगळे घरी. त्या सगळ्यांत मेहेर होती. खेळातल्या पहिल्या गडाची पहिली भिंत दोघांनी मिळून रचली होती. तिला त्याने शब्द दिला होता, काळजी करू नकोस, माझ्याकडे उपाय आहे.

“उपाय सापडलाय,” तो आताही म्हणाला. आवाजात शंका नावालाही नव्हती. “सोमवारी सुरू करतोय. तुमचा हात डोक्यावर हवा, म्हणून आलो.”

“सांग.”

“कच्च्या खेळाडूंची वेगळी रांग. ते आपापसांत खेळतील. चांगल्यांना त्यांचा त्रास नाही, त्यांना चांगल्यांचा जाच नाही.”

“त्यांना सांगणार व्हय?”

“छे! कळूच द्यायचं नाही. त्यांना वाटेल, आपण सगळ्यांबरोबरच खेळतोय.”

“…”

“वाईट काय आहे त्यात?”

“मी कुठं म्हटलं वाईट?”

“तुम्ही गप्प झालात.”

“सुपारी अडकली दातात.”

तेवढ्यात अंगणात थाळी वाजली. हौसाक्का बडवत होती. मठाचं स्वयंपाकघर ती सांभाळते. अंगाने भरभक्कम, आवाजाने त्याहून. तिचा नेम असा की चिंचेचा आकडा सांगून पाडते.

“चल,” बाबा म्हणाले. “जेवायचं असंल तर.”

अंगणात मठातले साधक जमले होते, दर्शनाला आलेली माणसं होती, गावातून रोज येणारे चार म्हातारे होते. मधोमध सात चपट्या दगडांची लगोरी रचलेली. चिंध्यांचा चेंडू हौसाक्काच्या हातात. एका बाजूची म्होरकी ती, दुसऱ्या बाजूचा म्होरक्या माधवगिरी, मठातला तरुण गोसावी.

“जोड्या करा रं!” हौसाक्का ओरडली.

ज्याचं लहानपण गल्लीत गेलं त्याला ही रीत सांगायला नको. भिडू वाटायचे ते असे. प्रत्येकाने आपल्या तोडीचा गडी आपणच हुडकायचा आणि त्याच्या खांद्यावर हात टाकायचा. दोघांनी बाजूला जाऊन गुपचूप नावं ठरवायची आणि म्होरक्यांपुढे येऊन उभं राहायचं. गूळ की शेंगा? म्होरक्या म्हणाला गूळ, की गूळ त्याच्याकडे आणि शेंगा पलीकडे. म्हणजे ज्याच्या खांद्यावर हात टाकला, तोच घटकाभराने समोरून चेंडू मारणार. आपल्याकडे पोरंसोरं हे पिढ्यान्‌पिढ्या करत आली आणि कोणाला त्यात काही विशेष वाटलं नाही.

ऋतुराजही लहानपणी असंच खेळला होता. पण आता तो जुळणीतला जाणकार. कट्ट्याला टेकून तो माणसं निरखू लागला. त्या फेटेवाल्याचे गुडघे गेलेत, पण मनगट दणकट आहे. ती चष्मेवाली बाई पळेल, पण वाकणार नाही. कोणाला कोणासमोर ठेवलं तर दोन्ही बाजू सारख्या होतील, याचं गणित त्याने मनात मांडलं आणि सोडवलंसुद्धा. उत्तर बिनचूक होतं.

फक्त त्यात तो स्वतः नव्हता.

त्याने मान वर केली तेव्हा सगळे जोडीजोडीने चिंचेखाली कुजबुजत होते. फेटेवाला चष्मेवाल्या बाईच्या कानात काहीतरी सांगत होता आणि ती तोंडाला पदर लावून हसत होती. ही जोडी ऋतुराजच्या हिशेबात कुठेच बसत नव्हती.

“ह्यो एक उरला की!” हौसाक्का म्हणाली.

“मी माधवगिरींबरोबर जातो. आमची बरोबरी आहे.”

माधवगिरी हसला. “म्होरक्याची जोडी म्होरक्याशी, दादा. तुम्ही मघाशीच कोणाच्या तरी खांद्यावर हात टाकायचा.”

“मी बघत होतो.”

“बघत बसलं की ऱ्हातंच माणूस,” हौसाक्का म्हणाली. “आता करा त्येला कच्चा लिंबू!”

अख्खं अंगण हसलं. बाबासुद्धा हसले, आणि ते ऋतुराजला फार लागलं.

कच्चा लिंबू! धाकटं भावंड रडू नये म्हणून त्याला द्यायचा तो मान. त्याने खुशाल पळावं, ओरडावं, चेंडूमागे धावावं. त्याला कोणी आऊट करत नाही, आणि त्याने केलेलं काही धरत नाहीत.

“बाबा, मी कॉलेजच्या संघात होतो.”

“असशील की.” गुडघा धरला म्हणून बाबा खेळत नव्हते, कट्ट्यावर पंच होऊन बसले होते. “खेळ. भूक लागंल चांगली.”

खेळ सुरू झाला. ऋतुराजने ठरवलं, यांना दाखवूनच देऊ. पळण्यात तो सगळ्यांपेक्षा चपळ होता, ते खोटं नव्हतं. लगोरी पडली तसा तो दगडांकडे झेपावला. हौसाक्काचा चेंडू पाठीत बसला. तो खिलाडूपणे बाहेर जायला निघाला.

“तू कुठं चाललास? तू कच्चा लिंबू. खेळ, खेळ!”

तो परत फिरला. पुन्हा चेंडू बसला. आता कोणी त्याच्याकडे पाहिलंही नाही. मग तर कोणी त्याच्यावर चेंडू वायाच घालवेना. तो दगडांपाशी उघडा उभा होता आणि चेंडू त्याच्या अंगावरून दुसऱ्यांच्या मागे जात होता. त्याने निवांतपणे एकावर एक सातही दगड रचले, सरळसोट, एकही न डगमगता, आणि हात वर करून ओरडला, “लगोरी!”

कोणीच वळलं नाही.

फेटेवाले म्हातारे धापा टाकत आले. त्यांनी त्याची लगोरी हाताने मोडली आणि पुन्हा पहिल्यापासून रचायला बसले. “राग नको मानू, पोरा,” ते म्हणाले. “कच्च्या लिंबाची धरत न्हाईत.”

ऋतुराज कट्ट्याजवळ आला. त्याचे कान लाल झाले होते.

“बाबा, यांना सांगा मला आऊट करायला.”

“का रं? बरं हाय की. तुला त्रास न्हाई, त्यांना जाच न्हाई.”

“…”

“वाईट काय हाय त्यात?”

ऋतुराजला रडू फुटेल असं वाटलं, आणि आपल्याला रडू येतंय याचंच त्याला नवल वाटलं. लाखो माणसांचा खेळ चालवणारा माणूस, आणि चिंध्यांच्या चेंडूने कोणी मारत नाही म्हणून डोळे भरावेत!

“मला निदान सांगून तरी केलं,” तो हळूच म्हणाला. “त्यांना तर मी…”

वाक्य त्याने पुरं केलं नाही. बाबांनीही पुरं करायला लावलं नाही.

समोर डाव संपला. नव्या डावासाठी हौसाक्काने पुन्हा थाळी बडवली. बाबा कट्ट्याचा आधार घेत उठले. गुडघा कुरकुरला, तसे तेही कुरकुरले. मग लंगडत येऊन त्यांनी ऋतुराजच्या खांद्यावर हात टाकला.

“चल, नावं ठरवू.”

“तुम्ही? …बाबा, आपली बरोबरी कुठाय?”

“अजून न्हाई. चिंचंपतोर चल.”

दोघे चिंचेपर्यंत चालत गेले. बाबांच्या चालीने चालायचं म्हणजे ऋतुराजला प्रत्येक पावलाला थांबावं लागत होतं. वाटेत बाबांनी अर्धा भार त्याच्यावर टाकला. मग पाऊण. झाडाखाली पोचेपर्यंत कोण कोणाला घेऊन आलं, हे सांगणं कठीण झालं होतं.

“तुला काय व्हायचंय?” बाबांनी कानात विचारलं.

ऋतुराज गोंधळला. एवढ्या खेळाडूंच्या आवडीनिवडी त्याच्या यंत्राने टिपल्या होत्या, पण असं तोंडावर कोणी कोणाला विचारलं नव्हतं.

“…शेंगा.”

“मग मी गूळ. वैद्यानं बंद केलाय. निदान नावाला तरी असू दे.”

ऋतुराज खदखदून हसला. बाबांच्या अंगाला तेलाचा आणि सुपारीचा वास येत होता. इतक्या वर्षांत तो त्यांच्या फक्त पाया पडला होता, त्यांच्या शेजारी कधी उभा राहिला नव्हता.

ते म्होरक्यांपुढे गेले. “गूळ की शेंगा?”

“गूळ!” माधवगिरी म्हणाला.

बाबा तिकडे गेले, ऋतुराज हौसाक्काकडे. डाव सुरू झाला तसा तो पुन्हा जीव खाऊन पळाला. दगडांपाशी पोचला, दोन रचले, तिसरा उचलला, आणि पाठीत असा सणसणीत चेंडू बसला की तिसरा दगड हातातून सुटला.

“आऊट!” बाबा ओरडले. सत्तरी उलटलेला माणूस एका पायावर नाचत होता. “आऊट! शेंगा आऊट!”

“आऊट!” अंगण ओरडलं.

ऋतुराज पाठ चोळत बाहेर आला. त्याच्या तोंडावरचं हसू काही केल्या मावळत नव्हतं. पुढच्या वर्षी बढती मिळाली तरी त्याला एवढा आनंद होणार नाही.

खेळ आटोपला. हौसाक्का भाकरी थापायला गेली. ऋतुराजने अंगणातूनच मेहेरला फोन लावला.

“वेगळी रांग काढून टाक. सोमवारी ती सुरू करायची नाही.”

“आणि दिवाळी?” मेहेरचा आवाज बारीक झाला. “ऋतुराज, घरी मी एकटी कमावते. तू शब्द दिला होतास.”

“शब्द आहेच. दिवाळीच्या आत दुसरं करू. …तुला काय वाटतं, काय करावं?”



“मला वाटतं, खेळाआधी माणसांना दोन शब्द बोलायला जागा हवी,” ती म्हणाली. “मी हे उन्हाळ्यातच म्हटलं होतं.”

“म्हटलं होतंस?”

“तू गणित सोडवत होतास.”

“…चुकलो, मेहेर. उद्या सकाळी आपण दोघं बसू. तू सांग, मी लिहितो.”

फोन ठेवून तो बाबांजवळ पायरीवर येऊन बसला. चेहरा पडलेला होता, पण पुण्याला स्थायिक झालेला हुशार माणूस फार वेळ पडेल चेहऱ्याने राहू शकत नाही. पाच मिनिटांत त्याची गाडी पुन्हा रुळावर आली.

“बाबा, झालं! जमलं मला.”

“काय जमलं?”

“आधी जोडी, मग बाजू. बटण दाबलं की सगळ्यांना एका छोट्या अंगणात आणायचं. यंत्राने नाही, त्यांनीच एकमेकांना निवडायचं. दोघांनी मिळून दोन नावं ठरवायची. मग नाव पुकारायचं, आणि एक गडावर, दुसरा चढाईला. थोडा वेळ जाईल. जाऊ दे! ज्याच्याशी नाव ठरवताना हसलो, त्याला हरल्यावर शिव्या कशा घालणार?”

“घालंल की एखादा.”

“घालेल. पण पुढच्या डावाला परत त्यालाच शोधेल. …टिकतील, बाबा. माणसं टिकतील, बघा तुम्ही.”

बाबांनी मान डोलावली. त्यांनाही ते पटल्यासारखं दिसत होतं. ऋतुराजच्या डोक्यावर त्यांनी हात ठेवला आणि आशीर्वाद देऊन टाकला. आतून हौसाक्काने पानं वाढल्याची हाक दिली.

ऋतुराज उठला, दोन पावलं गेला आणि थबकला.

“एक अडचण राहिली.”

“कंची?”

“माणसं विषम असतील तेव्हा एक जण उरणारच. आणि विषम नसली तरी कोणी तरी असा असेल की ज्याच्याकडे कोणी वळत नाही. लाजरा असेल. नवा असेल. खेळ जमतच नसेल त्याला. मोठमोठी नावं असलेले आपापसांत जोड्या करतील आणि हा आपला त्या अंगणात उभा.”

“…”

“त्याला कच्चा लिंबू करायचं नाही, एवढं मला आज कळलं. पण मग यंत्राने करायचं काय? त्याच्या खांद्यावर हात कोण टाकणार? काहीतरी नियम द्या, बाबा. तुम्ही सांगाल तसा बसवतो.”



बाबा उठले. धोतराचा सोगा कमरेला खोचला. ऋतुराजच्या अगदी जवळ आले, त्याच्या तोंडाकडे टक लावून पाहिलं, आणि एकाएकी त्याच्या पाठीत थाप मारून, दुखऱ्या गुडघ्यानिशी, लंगडत लंगडत स्वयंपाकघराकडे पळत सुटले.

दारात पोचल्यावर त्यांनी मागे वळून आरोळी ठोकली,

“तुझ्यावर राज्य!”